घरात पाय घसरून पडणे

काउंटरच्या काचेखालून कागद आत सरकला तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं, "पेशंटचं नाव?" उत्तर आलं नाही. नाव विचारलं की माणसं आधी गप्प होतात, हे अकरा वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. ज्याला रोज अर्ध्या नावानं हाका मारल्या त्याचं पूर्ण नाव जिभेवर यायला वेळ लागतो. तिनं बोटं कीबोर्डवर तयार ठेवली. "नाव सांगा. आणि तुमचं नातं." "नातं?" काचेपलीकडचा आवाज म्हणाला. "मी तुझी सख्खी बहीण. पेशंट तुझे भाऊजी. नाव आहे ना लक्षात, की तेही सांगू?" तिनं वर पाहिलं. ताई उभी होती. कपाळावर घाम, काखेत पिशवी, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे रडण्याच्या अगदी शेजारी राहतं. मागे रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या माणसाला आपण असं विचारलं, याची लाज वाटायच्या आत तिची नजर कागदावर गेली होती आणि दुसऱ्याच ओळीवर अडकून बसली होती. कामगार निधीचं पत्र. कामावर जखमी झालेल्यांच्या उपचाराचा खर्च निधी देतो आणि मग मालकाकडून वसूल करतो. *रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीनुसार सदर इजा घरात पाय घसरून पडल्याने झालेली आहे. सबब खर्च देय नाही.*

"घरात?" ताई म्हणाली. आवाज खाली ठेवायचा तिचा प्रयत्न होता, पण तो जमला नाही. "आमच्या दीड खोलीत घसरायला जागा तरी आहे का गं? घसरला माणूस तर समोरच्या भिंतीला टेकून उभा राहील! कुठल्या शहाण्यानं लिहिलं हे?" "बघते," ती म्हणाली. "तू बस जरा. पाणी पी." "पाणी नको. आधी बघ."

तिनं बघितलं. एकोणीस दिवसांपूर्वीची नोंद, वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. इजा: दोन्ही टाचा, कंबरेचा मणका. कारण: घरात पाय घसरून पडणे. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात चार आकडे होते, आणि ते चार आकडे तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही होते. ताईला स्क्रीन दिसत नव्हता. तेवढी एक काच मध्ये होती. "काय लिहिलंय?" ताईनं विचारलं. "बघते म्हटलं ना," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपलाच आहे का, अशी तिला शंका आली.

घ. नुसता घ. तो दाबून बाजूची कळ दाबली की उरलेलं वाक्य आपोआप उमटायचं: घरात पाय घसरून पडणे. ही सोय तिनंच केली होती, सहा वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल तिची पाठही थोपटली गेली होती. र दाबला की रस्त्यावर वाहनाचा धक्का. भ म्हणजे भाजणे. आणि क म्हणजे कामावर. पण क दाबला की वाक्य उमटत नसे, चार पानांचा फॉर्म उघडायचा. मालकाचं नाव, पत्ता, कामाचं स्वरूप, यंत्र असल्यास कुठलं, दोन साक्षीदार, त्यांच्या सह्या. आठ मिनिटं, बोट भरभर चाललं तर सात. घ ला दोन सेकंद. रांगेत जखमी माणूस कण्हत असताना आठ मिनिटं म्हणजे काय, ते काचेच्या आतल्या माणसालाच कळतं. तिचा घ इतका झिजला होता की कळीवरचं अक्षर पुसून गेलं होतं, नुसता चकचकीत डाग उरला होता. क अजून नव्यासारखा होता.

त्या सकाळी भाऊजींना फळीवर घालून आणलं होतं. काचा वाहून न्यायची फळी, कडांना रबर लावलेली. तिच्यावर आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या काचा वाहिल्या आणि आता स्वतः आडवे. दोन्ही बाजूंना त्यांच्यासोबत काम करणारे दोघं, शिडीवरून पडले, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, असं एकाच वेळी बोलणारे. तिनं ऐकलं होतं. हो, ऐकलं होतं. शिडी हा शब्द कानात शिरल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. भाऊजींचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, ओठ निळसर, आणि तरी तिला बघून ते म्हणाले होते, "मेहुणीबाई, रांगेत उभं राहायला हवं का? आज जरा जमणार नाही." मग त्यांचे डोळे वर फिरले. पुढे सात जण होते. आत घ्या, आत घ्या, म्हणत तिनं फळी सरळ आत वळवली आणि त्याच दमात बोटानं... कुठली कळ? बोट आपण होऊन गेलं, की तिनं नेलं? सवय, की घाई? हा प्रश्न तिनं आता, पत्र हातात आल्यावर, स्वतःला पन्नासदा विचारला आणि पन्नास वेळा निराळं उत्तर मिळालं. सवय म्हणावी तर शिडी ऐकू आली होती. घाई म्हणावी तर क फॉर्म नंतर भरता आला असता, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, एकोणीसपैकी कुठल्याही दिवशी. तिला तो आठवलाच नव्हता. पावतीवर दोघांपैकी एकानं न वाचता सही ठोकली होती, नुसती एक लाट.

दोन्ही टाचांची ऑपरेशनं झाली होती. पट्ट्या, खिळे, भूल, खाटेचं भाडं मिळून आकडा ताईच्या चौदा महिन्यांच्या पगाराएवढा. ताई शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते, आणि आकडा ऐकल्यावर म्हणाली होती, "किती हजार कॉलरी गं या?" हे मणक्याचं सोडून. मणक्याचं ऑपरेशन गुरुवारी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डाव्या पावलाची जाणीव कमी होत चालली आहे, आणखी दोन आठवडे घालवले तर ती परत येईलच असं नाही. आणि हिशेब खात्यानंही स्पष्ट सांगितलं होतं: निधीचं पत्र, किंवा अर्धे पैसे आगाऊ. आज सोमवार.

दुपारी ती वॉर्डात गेली. भाऊजी छताकडे बघत पडले होते, दोन्ही पाय पांढऱ्या गाठोड्यांसारखे उशांवर. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. "काय हो मेहुणीबाई, मी घरी पडलो होय?" ते म्हणाले. "आधी सांगायचं, गादी तरी अंथरून पडलो असतो." ती हसली नाही. "मालक आले होते?" "येऊन गेला. म्हणाला, मी तर द्यायला तयारच होतो, पण कागदच म्हणतोय घरी, मग मी मध्ये कोण? वाईट वाटलं बिचाऱ्याला. जाताना पाठीवरून हात फिरवणार होता, मग आठवलं असेल की पाठच मोडलीय." ते थांबले. डाव्या पायाच्या बोटांकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत आणि केव्हाही उठून जातील. "कुणाच्या हातून झालं गं? कळलं का?" ती म्हणाली, "शोधतेय." खाटेच्या कडेला धरलेला तिचा हात त्यांनी दोनदा थोपटला. तिला वाटलं, यांना माहीत आहे. मग वाटलं, नाही. मग वाटलं, आपल्याला काय बरं वाटेल, माहीत असलेलं की नसलेलं?

पडलीस कशी, हाच प्रश्न आईही आधी विचारायची. लागलं का, हे नंतर. ती सात वर्षांची असताना शेजारच्या बंद बंगल्याच्या भिंतीवरून पडली होती, जिथं जायची सक्त मनाई होती, हनुवटी फाटून फ्रॉकवर लाल ओघळ, आणि ताई, दहा वर्षांची, तिला ओढत घरी आणताना दातओठ खाऊन बजावत होती, "घरात पडलीस. आपल्याच पायरीवर. कळलं? पायरीवर." ती पायरीवर म्हणाली. आईनं मारलं नाही. टाके घालणारा डॉक्टर म्हणाला होता, पायरी बरीच उंच दिसते तुमची. आई अभिमानानं म्हणाली होती, जुनं बांधकाम आहे. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात घर म्हणजे ती जागा, जिथं पडलं तर कुणी रागावत नाही. जिथं पडण्याला मालक नसतो. सगळ्यांची सोय.

निधीच्या कार्यालयात फोन लावला तर तिकडच्या कारकुनानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "पहिली नोंद तीच खरी नोंद, मॅडम. तुम्हीच त्या खात्यात आहात, तुम्हाला मी सांगायचं? ऑपरेशनचा आकडा ऐकला की बाथरूमसुद्धा उठून कारखान्यात जातं." पलीकडे दोघंतिघं हसले. हा विनोद तिला पाठ होता. चहाच्या वेळी तो तिनं स्वतः सांगितला होता, एकदा नाही, पुष्कळदा, आणि प्रत्येक वेळी तो खपला होता.

खातेप्रमुखांना सगळे चष्मा म्हणत, कारण डोळे कुणी पाहिले नव्हते. चष्म्यानं तिचं ऐकून घेतलं, डोळ्यांवरून न काढताच काच पुसली. "दोन ओळींचं प्रकरण आहे," ते म्हणाले. "लिहा, संगणकातील त्रुटीमुळे चुकीचे वाक्य उमटले. मी सही करतो. निधीवाले मानतील, नाही मानणार. आपण आपलं केलं." "नाही मानणार," ती म्हणाली. "संगणकातील त्रुटी दर महिन्याला दहा येतात त्यांच्याकडे. टोपलीत टाकतात. नोंद करणाऱ्या माणसानं स्वतः लिहून दिलं, की मी ऐकलं एक आणि लिहिलं दुसरं, तरच फाईल उघडते." "मग फक्त ती एकच फाईल उघडेल का?" चष्मा म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. "बाई, तुमच्या हातच्या नोंदी किती? दिवसाला साठ धरा. अकरा वर्षं. तुम्ही एकदा लिहून दिलंत की मला सवय आहे, की प्रत्येक जण येईल. आणि त्याआधी तुम्ही घरी जाल. नातेवाईकासाठी नोंद फिरवली म्हणतील ते वेगळंच. दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा."

ती कोरा कागद घेऊन रेकॉर्डच्या खोलीत जाऊन बसली. *मी, खाली सही करणार, असे लिहून देते की संगणकातील* खोडलं. *मी, खाली सही करणार, गर्दीच्या वेळी अनवधानाने* अनवधानानं म्हणजे काय? अवधान होतं. शिडी ऐकली होती. खोडलं. *माझ्या मेहुण्यांना त्वरित उपचार मिळावेत या हेतूने* खोडलं. हे खरं होतं, पण खरं इतकं शोभून दिसायला लागलं की तिला त्याचा संशय आला. *माझ्या बोटाने* तिनं पेन खाली ठेवलं. माझ्या बोटाने. बोटावर ढकलून कुठवर निभणार? बोटाला पगार मिळत नाही.

टाचा. ती टाचांपाशी आली आणि तिथून तिला हलता येईना. न्हाणीघरात घसरलेला माणूस कसा पडतो ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं: मागे पडला तर माकडहाड, बाजूला पडला तर खुबा, हात टेकला तर मनगट. टाचा फुटत नाहीत. दोन्ही टाचा तर नाहीतच. दोन्ही टाचा फुटायला माणूस उंचावरून सरळ उभा खाली यावा लागतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काचेमागे बसून बसून कळलं होतं, जसं भांडी विकणाऱ्याला टिचकीच्या आवाजावरून तडा कळतो. कळलं होतं आणि वाक्य उमटत राहिलं होतं. पापण्यांवर सिमेंट असलेली माणसं घरात घसरली होती. कमरेला दोराचा पट्टा अजून बांधलेला माणूस घरात घसरला होता. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला कुणीतरी उभा असायचा, हो हो, घरीच, जिन्यावर, असं जखमी माणसाच्या वतीनं बोलायचा, आणि जखमी माणूस त्या शर्टाकडे बघायचा. आणि ती? ती रांगेकडे बघायची. ती कुणाकडूनही एक पैसा न घेणारी, डोळ्यांत तेल घालून स्पेलिंग तपासणारी, नोंदखात्यातली सर्वांत चोख बाई.

समोरच्या जुन्या संगणकावर तिनं शोधाच्या चौकटीत दोनच अटी घातल्या: दोन्ही टाचा, घरात पाय घसरून. मशीन बराच वेळ घरघरलं. मग आकडा आला. त्रेचाळीस. पस्तीस नोंदींखाली तिचे चार आकडे. तिनं खुर्ची थोडी मागे घेतली, जणू तिथून काहीतरी वाहत येत होतं आणि पाय भिजतील. पस्तीस जणांचा खर्च कुणी केला असेल? कुणी केलाच असेल. दागिना, घर, मुलीचं शिक्षण, भावाचे टोमणे. किंवा केलाच नसेल, आणि मणका तसाच ठेवला असेल.

मंगळवारी सकाळी तिनं चष्म्यासमोर कागद ठेवला. *सदर रुग्ण शिडीवरून पडला असे माझ्यासमोर दोघांनी सांगितले. मी ते ऐकले. मी घरात पाय घसरून पडणे असे लिहिले. असे मी नेहमी लिहीत आले आहे. रुग्ण माझ्या बहिणीचे यजमान आहेत.* खाली सही, आणि चार आकडे. चष्म्यानं तो दोनदा वाचला. "नेहमी हा शब्द काढा," ते म्हणाले. "निदान तेवढा. भाऊजींच्या फाईलला त्याची गरज नाही." ते खरं होतं. तो शब्द नसता तरी फाईल उघडली असती. घराचे उरलेले सहा वर्षांचे हप्ते, मुलगा, नवऱ्याची अर्ध्या वेळची नोकरी, सगळं त्या तीन अक्षरांवर लोंबकळत असल्यासारखं. "राहू दे," ती म्हणाली. ते इतकं हळू निघालं की चष्म्याला पुन्हा विचारावं लागलं, आणि तिला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

बुधवारी निधीचं पत्र आलं. भाऊजींचा खर्च मंजूर, मणक्यासकट. सोबत दुसरं पत्र, रुग्णालयाला: अशा इतर नोंदींची यादी पंधरा दिवसांत, प्रत्येक रुग्णाच्या म्हणण्यासह, पाठवावी. ताईनं तिला जिन्यात गाठून घट्ट मिठी मारली, मग दूर धरून बघितलं. "तूच होतीस ना?" ताई म्हणाली. तिनं मान हलवून हो म्हटलं. ताईचा हात वर आला. मारते की काय असं वाटलं. ताईनं तिच्या केसांची बट मागे सारली. "मूर्ख," ताई म्हणाली. "सोमवारीच सांगायचं होतंस. तीन दिवस मी त्या लिहिणाऱ्याला शिव्या घालतेय, सगळ्या तुलाच लागल्या असतील." मग डोळे पुसत म्हणाली, "काढतील का तुला?" "यादी होईपर्यंत नाही. मग बघू म्हणालेत." "मग सावकाश कर यादी," ताई म्हणाली, आणि दोघी जिन्यात उभ्या राहून हसल्या, आणि हसणं संपल्यावर दोघींनाही कुठं बघावं ते कळेना.

दुपारी रेकॉर्डच्या खोलीत तिनं पहिली नोंद उघडली. नऊ वर्षांपूर्वीची, घ ची सोय व्हायच्याही आधीची. म्हणजे ते पूर्ण वाक्य तिनं अक्षर अक्षर लिहिलं होतं. पुरुष, वय चौतीस. दोन्ही टाचा, उजवं मनगट. वेळ दुपारी बारा वीस. तिनं चेहरा आठवून पाहिला. आला नाही. खालचा नंबर फिरवला, तो बदलला असेल अशी अर्धी आशा धरून. पाचव्या घंटीला उचलला गेला.

"रुग्णालयातून बोलतेय," ती म्हणाली.

"बिल भरलंय सगळं," तो लगेच म्हणाला. "चार वर्षं हप्ते भरलेत. पावत्या आहेत माझ्याकडे."

"बिलाचं नाही. तुम्ही नऊ वर्षांपूर्वी पडला होतात. कुठं पडलात, ते विचारायचं होतं."

पलीकडे कुठंतरी पत्र्यावर हातोडी पडत होती, मग थांबली. "कुणी सांगितलं विचारायला? मालकानं?"

"नाही. मी विचारतेय. तुमची नोंद मी केली होती."

"तुमच्याकडे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "घरात."

"मग घरातच," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखाद्या जुन्या पत्त्यासारखं तो ते सांगत होता. "आता कुठं बदलत बसता, बाई."

पेशंटचे म्हणणे, असा रकाना समोर उघडा होता आणि त्यात उभी रेघ लुकलुकत होती. घरातच, एवढं लिहिलं की पुढची नोंद. त्यानं फोन ठेवला नव्हता. तिनंही ठेवला नाही. तिनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले.

"बरं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी घरातून निघालात किती वाजता?"

श्वास ऐकू आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग चालण्याचा, एक पाऊल पूर्ण आणि एक अर्धं, मग दार लोटल्याचा. हातोडी ऐकू येईनाशी झाली.

"सातला," तो म्हणाला. "सातला निघालो होतो."